धुतलेली चादर

वाऱ्याने पाटी इतक्या वेळा उडवून नेली, की शेवटी वहिनीने ती आत, काउंटरच्या मागेच टांगून टाकली. आता लॉन्ड्रीचं नाव आत शिरल्यावरच कळतं, आणि आत शिरलेल्या माणसाला ते वाचायची गरज नसते. बाहेरून खूण म्हणजे वाफेने धुरकटलेली काच आणि गल्लीच्या तोंडापर्यंत येणारा साबणाचा वास. एका बाजूला दोरखंडांचं दुकान आहे, दुसऱ्या बाजूला बंद पडलेलं सलून, आणि उतारावरून सरळ खाली पाहिलं की बंदर.

वहिनी खरं तर एकाच माणसाची वहिनी, तिच्या धाकट्या नणंदेची. पण नणंदेचा आवाज असा, की तिने मागच्या खोलीतून ‘अगं वहिनी’ म्हटलं तर खाली धक्क्यावरची माणसं मान वर करायची. त्यामुळे मासळीवाल्यांपासून बंदराच्या साहेबापर्यंत सगळ्यांची ती वहिनी झाली. नणंदेचंही तसंच. वहिनीचा मुलगा तिला आत्या म्हणायचा, म्हणून ती गावाची आत्या. आता मुलगा नोकरीसाठी लांब असतो आणि नवरा तर कधीच गेला, पण ज्यांच्यामुळे ही नावं पडली ती माणसं नसली तरी नावं काही हलली नाहीत.

दुकानात धुण्याची दोन मशिनं, आत दगड भरल्यासारखा धडधडणारा एक ड्रायर, आणि मागच्या खोलीत शेगडी पेटवून वर दोऱ्या बांधलेल्या. धुणं वहिनीचं, इस्त्री आत्याची. इस्त्रीच्या टेबलावरून आत्या जगावर देखरेख करते. कोण कुणाबरोबर गेलं, कुणाचं पोट सुटलं, कुणी जुनाच शर्ट नव्या बटणांवर खपवला, सगळ्याचा निकाल तिथेच लागतो. चादरींच्या वेळी मात्र तिला टेबल सोडून यावं लागतं, कारण मोठी चादर एकटीने नीट घडी होत नाही. दोघी दोन टोकं धरतात, झटकतात, पुढे येतात, टोकं जुळवतात. आणि नेमकं नाकाला नाक लागायच्या वेळी आत्या काहीतरी टोचून बोलते. ‘तुझी बाजू नेहमी खाली असते’ किंवा ‘डोळ्यांचा नंबर वाढलाय तुझा, दाखवून ये.’ इतकी वर्षं झाली, वहिनीने याला उत्तर द्यायचं कधीच सोडून दिलंय.

वहिनीला खराब हवा आवडते. हे ती कुणाला बोलून दाखवत नाही, कारण ज्या गावात निम्मी घरं समुद्रावर जगतात तिथे असं बोललं तर लोक जोड्याने मारतील. पण खरं आहे. चांगल्या हवेत शिडाच्या बोटी गावाला वळसा घालून लांबूनच निघून जातात. वादळी वारा सुटला, की त्याच बोटी दगडी बांधाच्या आत येतात, धक्क्याला एकमेकींना खेटून उभ्या राहतात आणि हवा निवळेपर्यंत हलत नाहीत. त्यांच्यावरची माणसं भिजलेली, आंबलेली, आणि सोबत गाठोडी. समुद्राचं पाणी लागलेलं कापड कधी पुरतं वाळत नाही. मीठ हवेतली ओल ओढत राहतं, आणि बोटीवर तर सगळीकडे ओलच असते. मग ही माणसं वहिनीच्या बाकावर येऊन बसतात. मशीन फिरताना बघत बसतात. वहिनी चहा करते. ऊब लागली की त्यांना बोलायला सुचतं, आणि मग कुठल्या कुठल्या किनाऱ्यांच्या गोष्टी त्या बाकावर निघतात. वहिनी आयुष्यात या गावाबाहेर फारशी गेली नाही. जग तिच्याकडे धुवायला येतं, एवढ्यावर ती खूश होती, आणि मनातल्या मनात वाऱ्याचे आभार मानायची.

त्या वर्षी असाच वारा लागला तेव्हा एक वयस्कर जोडपं आलं. दोघंच, लहानशा शिडाच्या बोटीतून. नवरा उंच, दाढी नव्यानेच वाढवलेली, डोक्यावर कप्तानाची टोपी. बायको बुटकी, हसरी, पाठीवर तिच्याएवढं गाठोडं. आत्याने त्यांना टोपीकडे बघूनच कप्तान करून टाकलं. त्यांनीच मग सांगितलं, की आपण कसले कप्तान, आयुष्यभर घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचले.

“शेवटी विचार केला,” ते म्हणाले, “हे सगळं पाणी जातं कुठे, एकदा बघून तरी यावं.”

बाक हसला. हा विनोद त्यांनी आजवर प्रत्येक बंदरात केला असणार, कारण बायकोने तो संपायच्या आधीच हसायला सुरुवात केली होती. त्या बालवाडीच्या बाई होत्या, निवृत्त. त्यांना सगळे बाईच म्हणायला लागले. गाठोडं सोडलं तर आत चादरी, अभ्रे, टॉवेल, लोकरीचे कपडे, सगळं खारं आणि चिंब. वहिनीने दोनदा गोड्या पाण्यातून काढलं, आत्याने इस्त्री केली, आणि दुसऱ्या दिवशी गरम गरम गाठोडं बाईंच्या हातात दिलं. बाईंनी त्यात तोंड खुपसलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

“किती दिवसांनी कोरडं काहीतरी लागलं हो गालाला,” त्या म्हणाल्या. एवढ्याशा गोष्टीचे इतके आभार वहिनीचे कुणी मानले नव्हते.

एक दिवस मध्ये गेला आणि बाई पुन्हा आल्या. काखोटीला छोटं गाठोडं. “परत भिजलं हो. वरून पाणी आलं.”

वहिनीने गाठ सोडली. चादर होती. पांढरी, कडेला निळी रेघ. थोडी दमट होती, पण खारी नव्हती, आणि मधोमध आत्याच्या इस्त्रीची घडी अजून सुरीसारखी उभी. कुणी ती चादर अंथरलीच नव्हती. तांब्याभर पाणी शिंपडून आणली होती. वहिनीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मशीनकडे पाहिलं. वहिनीने चादर मशीनमध्ये टाकली.

गाठोड्यात काय येतं ते गाठोड्यातच राहतं, हा सासूबाईंचा नियम. सासूबाईंनी हाताने कपडे धुण्याच्या काळात दुकान काढलं. कुणाच्या खिशात काय सापडलं, कुणाच्या कॉलरला कसला डाग होता, हे त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही. आत्याच्या जिभेला हाड नाही, तरी या एका बाबतीत तीही मूग गिळून असते. गावाच्या सगळ्या भानगडी ती सांगेल, पण धुण्यातून कळलेली एकही नाही.

दुसऱ्या दिवशी तीच चादर तिसऱ्यांदा आली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. आत्या मागे शेगडीत लाकडं सारत होती. या वेळी वहिनीने चादर उचललीच नाही. काउंटरवर तशीच ठेवली आणि चहाचा कप बाईंकडे सरकवला.

“बाई, ही मी कितीही वेळा धुवीन,” ती म्हणाली. “पण झिजेल हो बिचारी.”

बाईंचं हसू तसंच राहिलं, पण डोळे भरले. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला.

“रोज संध्याकाळी ते म्हणतात, उद्या निघू. मग मी म्हणते, कपडे वाळले नाहीत. मग एक दिवस मिळतो.”

“तुम्हाला जायचं नाही?”

“मला भीती वाटते,” बाई म्हणाल्या. बालवाडीतल्या पोरांना आयुष्यभर ‘घाबरायचं नाही’ म्हणणाऱ्या बाईच्या तोंडून ते वाक्य फार हळू आलं. “इथे येताना काय लाटा होत्या ते बघितलंय मी. बोट आडवी होत होती. मी गाणं गुणगुणत बसले होते. त्यांना वाटलं, मजेत आहे. गाणं थांबवलं असतं तर मी ओरडले असते.”

“मग सांगा ना त्यांना.”

“कसं सांगू? सगळा जन्म हे एकच स्वप्न होतं त्यांचं. मी दरवेळी काहीतरी काढायची. मुलं लहान आहेत, सासूबाईंचं दुखणं आहे. निवृत्त झाले तेव्हा शब्द दिला, की आता माझ्यामुळे अडणार नाही. अडलं तर हवेमुळे अडू दे, धुण्यामुळे अडू दे. माझ्यामुळे नको.” त्यांनी चादर वहिनीकडे सरकवली. “धुवा हो.”

वहिनीने ती चादर धुतली. हवा तशीही निवळणारच होती, दोन दिवस इकडे की तिकडे, आपण मध्ये कशाला पडा, असं तिने स्वतःला समजावलं. तिने समजावलं आणि तिला पटलंही असतं, पण दुपारी कप्तान आले.

एकटेच आले. हातात त्यांचं समुद्रावर घालायचं जाड जॅकेट, पाणी ठिपकत असलेलं. बाहेर वारा होता, पाऊस नव्हता. पायऱ्यांपासून काउंटरपर्यंत थेंबांची रांग लागली.

“हे जरा धुवायचं होतं,” ते म्हणाले. “सावकाश. घाई नाही.”

वहिनीने जॅकेट हातात घेतलं. समुद्रात बुडवलेलं होतं, आताच. बाहेरून चिंब आणि आतलं अस्तर अजून निम्मं कोरडं. डाग म्हणाल तर औषधालाही नव्हता. सगळी बटणं नीट लावून मग बुडवलं होतं, जसं घाबरलेलं पोर जपून जपून पाण्यात पाय घालतं.

“वाळायला दोन-तीन दिवस तरी लागतील ना?” कप्तानांनी विचारलं.

“ड्रायर आहे की. तासाभरात देते.”

कप्तानांचा चेहरा पडला. वहिनीला तो पडताना दिसला. “ड्रायर नको,” ते घाईने म्हणाले. “जाड कापडाला ड्रायर बरा नसतो. दोरीवरच वाळू द्या. आणि जॅकेटशिवाय काही मला निघता येणार नाही. हिला सांगेन तसं. ती तर रोज निघायला तयार असते.” त्यांनी टोपी काढली, आत काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि परत घातली. “फार धीराची आहे ती. येताना एवढ्या लाटा, आणि ही आपली गाणं म्हणतेय. माझे हात सुकाणूवर असे,” त्यांनी हात हलवून दाखवला, मग थांबले आणि तो हात खिशात घातला. “म्हणजे थंडीने.”

“थंडी असतेच,” वहिनी म्हणाली.

ते गेल्यावर ती बराच वेळ जॅकेट हातात धरून उभी राहिली. पाणी तिच्या चपलांवर ठिपकत होतं. आत्या मागून आली, जॅकेट पाहिलं, बोट लावून पाणी चाखलं, आणि तिला कुणी काही सांगावं लागलं नाही.

“बघ,” आत्या म्हणाली. “एकाला झाकावं तर दुसरं उघडं पडतंय. सांगून टाक एकाला.”

“धुण्यातलं सांगायचं नसतं.”

“मग ठेव झाकून. चादर धू, जॅकेट धू. रोज धू. मीठ लावून धू.”

तिच्या मनात वेगळीच बाही आली होती.

तिचा नवरा बंदरात क्रेन चालवायचा. उंचावर, शिडी चढून, वाऱ्यात डुलणाऱ्या त्या पेटीत बसून. गावात त्याचा रुबाब होता आणि वहिनीला त्याचा अभिमान होता. दुकानातल्या गिऱ्हाइकांना ती काचेतून बोट दाखवून सांगायची, तो सगळ्यांत वर दिसतोय ना, तो आमचा. त्याच्या कामाच्या शर्टाची उजवी बाही मात्र कायम कुरतडल्यासारखी असायची. वहिनी नवी पट्टी लावायची, ती पुन्हा फाटायची. कधी उंदरांना शिव्या, कधी क्रेनच्या दांड्याला, कधी त्यालाच. “कसं रे फाडतोस?” तो हसायचा. तो वारला तेव्हा त्याचा जोडीदार घरी आला होता. बोलता बोलता म्हणाला, “वर चढताना बाही दातांत धरायचा. नाहीतर दात वाजतात, आणि खाली ऐकू जातं म्हणायचा. उंचीची फार भीती होती त्याला. आम्ही म्हणायचो, खालचं काम माग. तर म्हणे, घरी फार कौतुक आहे रे.”

सगळ्या बंदराचे कपडे ओळखणारी ती, आणि घरचीच बाही तिला वाचता आली नाही. नुसती शिवत राहिली. एकदा बोलला असता तर तिने त्याला खालीच काय, घरी बसवलं असतं आणि धुण्याच्या पाण्याला लावलं असतं. पण तो बोलला नाही आणि तिने विचारलं नाही.

तरीही ती लगेच कुठे गेली नाही. नियम मोडायचा म्हणजे तिच्या जिवावर येत होतं. ते सोपं झालं ते दुसऱ्या दिवशी, बाक भरलेला असताना. लाल टोपीवाला एक एकटा खलाशी होता, स्वभावाने मोकळा, कुणाच्या मनात काय चाललंय याचा गंध नसलेला. त्याने मोबाइलवर हवेचा अंदाज पाहिला आणि मांडीवर थाप मारली.

“उद्या सकाळी वारा जरा पडतोय. लाटा असतील, पण मी निघतो. कप्तान, येता का बरोबर?”

कप्तानांनी बायकोकडे पाहिलं. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. वहिनीला बाकाच्या या टोकाला उभं राहून दोघांचेही चेहरे दिसत होते.

“आम्ही तयारच आहोत,” बाई हसून म्हणाल्या.

“म्हणजे काय,” कप्तान म्हणाले. “उद्या सकाळी.”

“कपडे काय ते संध्याकाळपर्यंत वाळले तर,” बाई म्हणाल्या. आवाजात थोडी आशा होती.

“वाळलेत सगळे,” लाल टोपीवाला मागच्या खोलीत डोकावून म्हणाला. त्याला वाटलं, मदतच करतोय.

दुपारभर वहिनीचं कामात लक्ष नव्हतं. एका मास्तरांचे मोजे दुसऱ्याच्या गठ्ठ्यात गेले. संध्याकाळ व्हायच्या आत तिने निळ्या रेघेची चादर घेतली, त्यात कप्तानांचं जॅकेट गुंडाळलं आणि गाठ मारली. आत्या इस्त्री सोडून दाराशी आली.

“बोटीवर जातेस? तू? तुला स्टुलावर चढलं तरी गरगरतं.”

“धक्क्यावरून देते.”

“वारा बघ बाहेर. मी येते.”

“दुकान कोण बघेल? आलेच.”

धक्क्यावर वारा अंगात शिरत होता. ही बोट सगळ्यांत बाहेरच्या रांगेत, म्हणजे तिथे पोचायला आधी दोन बोटींच्या डेकवरून जावं लागणार. बोटवाल्यांना त्याचं काही वाटत नाही, एकमेकांच्या अंगणातून जावं तसे ते जातात. पहिल्या बोटीवर वहिनी एका हाताने दोर धरून कशीबशी चढली. दुसऱ्या बोटीवर तिने गाठोडं दातांत धरलं, कारण दोन्ही हातांनी दोर धरायचा होता. कापडाची चव जिभेवर आली आणि तिला एकदम नवरा आठवला, असा की रडूच यावं. तशीच ती पुढे गेली.

केबिन एवढीशी. तिघं बसल्यावर गुडघे गुडघ्यांना लागले. बाई भांडी फडक्यांत गुंडाळून ठेवत होत्या. कप्तान नकाशावर वाकलेले, पण नकाशा उलटा होता. वहिनीने गाठोडं मधल्या फळीवर ठेवलं आणि सोडलं.

“चादर बाईंनी तीनदा आणली,” ती म्हणाली. “दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा ती स्वच्छच होती. जॅकेट तुम्ही आणलं, तेही स्वच्छच होतं. समुद्रात बुडवलेलं.” असं ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होती. “आमच्या दुकानात धुण्यातलं सांगत नाहीत. मी सांगतेय. मला माफ करा. पण माझा नवरा रोज घाबरत क्रेनवर चढायचा, आणि मला ते तो गेल्यावर परक्याने सांगितलं. तुम्हाला निघायचं असेल तर निघा. मला हवेतलं काही कळत नाही. पण हे दोन कपडे एकमेकांना माहीत असू देत.”

बोट दोरांना हिसके देत होती आणि कुठेतरी एक कप फळीवर घसरत होता. कप्तानांनी चादरीची घडी बोटाने चाचपली.

“तू पाणी शिंपडलंस?” त्यांनी विचारलं.

“तांब्याभर,” बाई म्हणाल्या. “आणि तुम्ही जॅकेट बुडवलंत?”

“बादली दोराला बांधली, त्यात ठेवून.” ते म्हणाले. “बटणं लावून. वाहून गेलं असतं म्हणून.”

आधी बाई हसल्या की आधी रडल्या ते वहिनीला सांगता येणार नाही. कप्तानांनी टोपी काढून नकाशावर ठेवली, आणि टोपीखालचं डोकं अगदी साध्या, दमलेल्या म्हाताऱ्या माणसाचं होतं. “मला वाटलं, तू गाणं म्हणतेयस,” ते म्हणाले. वहिनी उठली. परत जाताना दोन्ही बोटींवरून कप्तानांनी तिला हात धरून नेलं, आणि धक्क्यावर आल्यावर तो हात त्यांनी सोडायला वेळ लावला.

दुकानाच्या दारात आत्या उभी होती. अंगावर शाल नाही, केस वाऱ्याने पिंजारलेले. “आलेच म्हणे,” ती करवादली. “एवढा वेळ? इथे माझा जीव,” आणि पुढचं न बोलता आत जाऊन इस्त्री आपटायला लागली.

लाल टोपीवाला सकाळी एकटाच निघाला. त्याला काही झालं नाही, हेही सांगायला हवं. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला, की हाडं खिळखिळी झाली पण सुखरूप पोचलो. कप्तानांनी तो बाकावर सगळ्यांना वाचून दाखवला. “म्हणजे जाता आलं असतं,” ते म्हणाले. “आलं असतं,” बाई म्हणाल्या. वहिनी कावरीबावरी झाली, तर बाईंनी तिचा हात दाबला.

“वहिनी, बोटीवर आम्ही दोघं होतो, पण घाबरत मात्र एकएकटे होतो. त्याचा फार शीण आला होता हो. तुमचे उपकार कसे फेडू?”

फेडायचं काम कप्तानांनी घेतलं. हवा निवळेपर्यंत ते रोज येऊन बसायला लागले आणि तिसऱ्या दिवशी त्यांचं लक्ष भिंतीवरच्या मीटरकडे गेलं. दोन्ही मशिनं बंद असताना काटा हळूच फिरत होता. त्यांनी बाह्या सारल्या, मशीन ओढलं, भिंतीला कान लावला, आणि किती वर्षं कोण जाणे गळत असलेला नळाचा सांधा शोधून काढला. आत्या म्हणाली, म्हणून मागच्या खोलीत माझे गुडघे दुखायचे, ओल होती तिथे. ते दुरुस्त होताना कप्तान आपल्या लग्नापासूनच्या गोष्टी सांगत होते आणि बाई मधे मधे त्या सुधारत होत्या.

मग एका सकाळी वारा पडला. समुद्र काचेसारखा वगैरे झाला नव्हता, पण सरळ झाला होता. वहिनी आणि आत्या दोघी धक्क्यावर गेल्या. बाईंनी या वेळी खरोखरची मळकी फडकी आणून दिली होती आणि वहिनीने ती रात्रीच धुऊन ठेवली होती. ती वर दिली. कप्तान सुकाणूपाशी, बाई पुढच्या दोराशी.

“घाबरलीस?” कप्तानांनी सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं विचारलं.

“हो,” बाईंनी ओरडून सांगितलं. “तुम्ही?”

“मी पण. सोड दोर.”

बाईंनी दोर सोडला. बोट बांधाच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत दोघी उभ्या होत्या. बाई हात हलवत होत्या. या वेळी त्या गात नव्हत्या.

दुकानात परत आल्यावर वहिनीने दोरीवरून मोठी चादर काढली आणि आत्याने सवयीने दुसरं टोक धरलं. दोघींनी झटकली, पुढे आल्या, टोकं जुळवली. नाकाला नाक लागायच्या वेळी आत्याने तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनीच बोलली.

“तुला कशाची भीती वाटते गं?”

वहिनीला वाटलं, आता टोमणा येणार. आत्याने खाली बघून चादरीची कड बोटांनी सरळ केली, जी आधीच सरळ होती.

“तू माझ्याआधी गेलीस तर,” ती म्हणाली. “मग या चादरी कोण धरणार?”

या घरात लग्न होऊन आली तेव्हापासून ही मुलगी समोरचं टोक धरून उभी होती, ओरडत, टोचत, पण उभी, आणि त्याबद्दल वहिनीने तिचे आभार एकदाही मानले नव्हते. आता मानायचे तर कुठून सुरुवात करावी तेच कळेना.

“मला पण तीच भीती वाटते,” ती म्हणाली.

“तुझी बाजू खाली आहे,” आत्या म्हणाली.

वहिनीने आपलं टोक वर केलं. मग दोघींनी ती घडी पुरी केली आणि दुसरी चादर घेतली.